शनिवारचे तीन तास

नाशिकहून एका आईने विचारलं आहे: "मुलगी टेनिसच्या स्कॉलरशिपवर येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जाणार आहे. तिकडे आता कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देतात असं ऐकते. शिकायला गेलेल्या मुलांना खेळण्याचे पैसे द्यावेत हे मुळात बरोबर आहे का? आणि देतातच, तर हिला मिळतील का?"

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं बहुतेक नाही. पण तुमच्या मुलीचा या सगळ्याशी संबंध आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एकवीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात होते. कोच वगैरे नव्हे. माझं खातं कंप्लायन्सचं, म्हणजे एनसीएएचे नियम आपल्याकडून कुणी मोडत नाही ना, हे बघायचं. एनसीएए ही तिकडच्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था, आणि तिचं नियमांचं पुस्तक चारशे पानांच्या पुढचं. कोचने मुलाला गाडीतून घरी सोडलं तर चालतं का, कुणाच्या काकूने डबा पाठवला तर तो 'जादा लाभ' होतो का, असल्या प्रश्नांची उत्तरं देण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

त्यातलं एक काम तासांच्या कागदाचं. हंगाम चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास सराव करून घ्यायचा, असा नियम. सामन्याचा दिवस मात्र सरसकट ३ तास धरायचा, मग तो कितीही चालो. आता बाहेरगावचा फुटबॉलचा, म्हणजे तिकडचा अंगावर धावून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सामना बघा. शुक्रवारी दुपारी बस, मग विमान, संध्याकाळी हॉटेलात मीटिंग, रात्री दिवे बंद झाले का ते बघायला असिस्टंट कोच दारोदार. शनिवारी सकाळी पुन्हा मीटिंग, मग पायांना पट्ट्या बांधायला रांग, संध्याकाळी सातला सामना, आणि रविवारी पहाटे तीनला परत. कागदावर काय? शनिवार: ३ तास. प्रवास मोजायचाच नाही. शिवाय 'ऐच्छिक' व्यायाम असतो. तो ऐच्छिक असल्यामुळे हजेरी घेत नाहीत, फक्त दाराशी एक जण उभा असतो.

तो कागद मी मुलांसमोर सहीला ठेवायचे. सव्वाशे किलोचा एक पोरगा, पहिल्याच वर्षाला, कागद उलटा करून बघायला लागला. काय शोधतोस म्हटलं, तर म्हणाला, बाकीचे तास मागच्या बाजूला लिहिलेत का ते बघतोय. मी त्याला नियमाचं कलम सांगितलं. त्याने सही केली.

खाण्याचंही तसंच. स्कॉलरशिपवाल्याला तीन वेळचं जेवण. मधल्या वेळी विभागाने फळं, दाणे आणि बेगल दिले तर चालायचं. बेगल म्हणजे मधे भोक असलेला जाडजूड पाव. तो कोरडा असेल तर नाश्ता, पण त्याला क्रीम चीज लावलं की ते 'जेवण' व्हायचं आणि नियम मोडायचा. विनोद नाही करत, काही वर्षं खरोखर असंच होतं. सराव संपायच्या आत टेबलावरच्या क्रीम चीजच्या डब्या उचलून कपाटात ठेवायचं काम मी स्वतः केलं आहे. पुढे २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा शबाझ नेपियर बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकत असतानाच पत्रकारांना सांगून बसला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच महिन्यात एनसीएएने खाण्यावरचं बंधन काढलं. इतकी वर्षं जे शक्य नव्हतं ते काही दिवसांत झालं, आणि ते टीव्हीवर बोभाटा झाला म्हणून.

कोल्हापूरची असल्यामुळे मला सुरुवातीला हे सगळं विचित्रच वाटायचं. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानाचं पत्रक निघतं तेव्हा जोडीच्या नावाशेजारी इनामाचा आकडा छापलेला असतो. पैलवानाचा खुराक कोण पुरवतं हे गावाला ठाऊक असतं. खासबागेत खेळला आणि पैसे घेतले म्हणून पैलवानाची कुस्ती बाटली, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

मग तिकडे हे सोवळं आलं कुठून? त्याची हकीकत तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस या लहानशा कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन नावाच्या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. कॉलेज त्याला खेळायला ठेवून घेतं, त्याबद्दल काही देतं, म्हणजे तो कॉलेजचा कामगारच की, असा साधा हिशेब. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: फुटबॉल हा काही कॉलेजचा धंदा नव्हे. अशा दाव्यांची एनसीएएने इतकी धास्ती घेतली की त्याच काळात 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा जोडशब्द घडवून सगळीकडे सक्तीने वापरायला लावला. तीन दशकांहून जास्त काळ एनसीएए चालवलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर हे लिहून ठेवलं. त्यांचं स्वतःचं मतही तोवर उलटं झालं होतं.

म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू' हा जो शब्द आपण कौतुकाने वापरतो, तो एका विधवेला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून जन्माला आला. आणि तो पुढे कामीही आला. १९७४ मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉलड्रेप अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेवर पडला आणि लुळा झाला. त्याच्या भरपाईच्या दाव्याचा अपिलातला निकाल २००० साली लागला, आणि तिथेही तो कर्मचारी नाही असंच ठरलं.

तोवर 'धंदा नव्हे' म्हणण्याची सोय मात्र राहिली नव्हती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एनसीएएची टीव्ही हक्कांवरची मक्तेदारी मोडली आणि कॉलेज फुटबॉलचं दुकान चोवीस तास उघडं झालं. पुरुष बास्केटबॉलच्या मार्चमधल्या एका स्पर्धेचे हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना गेले. बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वरचं नाव राज्यपालाचं नसतं, कोचचं असतं. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या कोचला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून अधिक विद्यापीठ त्याला देणं लागत होतं. काम न करण्याचे! आणि त्याच्या हाताखालच्या मुलांनी पैशाला हात लावला तर खेळाचं पावित्र्य जाणार होतं.

हा देव्हारा कोर्टात हळूहळू कोसळला. यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू एड ओबॅनन मित्राच्या घरी गेला असता त्याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला: ३१ नंबर, डावखुरा, तीच ठेवण. फक्त नाव नाही आणि पैसे नाहीत. त्याने २००९ मध्ये दावा लावला. २०२१ मध्ये खेळाडूंच्या लाभांवरच्या बंधनांबद्दलच्या अ‍ॅल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती एनसीएएच्या विरोधात गेले. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख विकायची मोकळीक मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. शेवटी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड ६ जून २०२५ रोजी मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला २.०५ कोटी डॉलर.

तेव्हा 'द्यावेत का' हा प्रश्न व्यवहारात निकालात निघाला आहे. पण तुम्ही बरोबर-चूक विचारलंत, म्हणून त्यावर बोलते.

"स्कॉलरशिप मिळते ना, मग आणखी काय हवं?" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आपल्या लोकांकडून तर फारच. आपल्याला फीची किंमत कळते, कर्ज काढून मुलं पाठवतो आपण. स्कॉलरशिप खरोखर मोठी गोष्ट आहे, ती मी हलकी लेखत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. १९७३ पासून पुढे कितीतरी वर्षं ती एकेका वर्षाचीच असायची, पुढच्या वर्षी नूतनीकरण कोचच्या हातात. अनेक वर्षांची द्यायला परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. आणि दुसरं, स्कॉलरशिपमध्ये जे शिक्षण मिळतं ते घ्यायला वेळ लागतो. दुपारच्या प्रयोगशाळा सरावाच्या वेळेत येतात म्हणून इंजिनिअरिंग सोडून सोप्या शाखेत ढकललेली मुलं मी दरवर्षी बघितली. याचं टोक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दिसलं. तिथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं नावापुरते वर्ग चालले, तीन हजारांवर विद्यार्थी त्यातून गेले, त्यांत खेळाडू भरपूर. २०१७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला काहीच शिक्षा केली नाही, कारण त्या वर्गांचा फायदा बाकीच्या विद्यार्थ्यांनाही मिळत होता. मोबदला म्हणून शिक्षण देतो म्हणायचं, आणि ते शिक्षण खरं आहे की नाही हे बघायची जबाबदारी घ्यायची नाही. हा सौदा मला पटत नाही.

पैसे दिले तर प्रेक्षक पाठ फिरवतील, असंही कोर्टात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. स्टेडियमं भरलेली आहेत. पुढे चला.

खरा अवघड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो तुमच्या घरातला आहे. क्रीडा विभागात कमावते खेळ दोन: फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल. काही ठिकाणी महिलांचा बास्केटबॉल आता वर आला आहे, आयोवात केटलिन क्लार्क खेळायची तेव्हा तिकिटं मिळत नव्हती. बाकी जलतरण, रोइंग, गोल्फ, टेनिस हे सगळे खाते खेळ, म्हणजे कमाई नाही, नुसता खर्च. तुमच्या मुलीच्या रॅकेटच्या तारा, विमानाचं तिकीट, फिजिओ, स्कॉलरशिप, यातलं फारसं काही टेनिसच्या तिकिटातून येत नाही. टेनिसला तिकीटच नसतं बहुतेक ठिकाणी. मोठ्या विद्यापीठात ते येतं तो कागद उलटा करून बघणाऱ्या पोरासारख्यांच्या शनिवारातून. आणि कोण असतात हे? बहुतेकदा गरिबाघरची, त्यात कृष्णवर्णीय मुलं बरीच. त्यांच्या जिवावर आम्ही सुखवस्तू घरातल्या मुलामुलींचे खेळ चालवत होतो, आणि त्याला 'सर्वांना संधी' म्हणत होतो.

म्हणून त्यांना वाटा द्या म्हटलं की दुसरी बाजू उभी राहते: मग टेनिसचं काय? भीती खोटी नाही. स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंनी रान उठवलं तेव्हा २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. आणि नव्या पैशाची वाटणी? बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी तीन चतुर्थांशाच्या आसपास फुटबॉलला, मग पुरुष बास्केटबॉलला, आणि उरलेलं थोडंसं महिलांच्या बास्केटबॉलला आणि बाकी सगळ्या खेळांना असं धोरण ठेवलं आहे. जुन्या खेळाडूंना द्यायच्या २८० कोटींचीही जवळपास तीच तऱ्हा. शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेदभाव नको असं सांगणारा टायटल नाइन हा १९७२ चा कायदा आहे, आणि त्याच्या आधारे काही महिला खेळाडू लगेच अपिलात गेल्या. मला विचाराल तर बाजारातून येणारा वाटा बाजाराप्रमाणे आणि विद्यापीठ स्वतःहून देतं ते समानतेने, असं काहीसं व्हायला हवं. पण यावर माझंच मत दर सहा महिन्यांनी हलतं, हे कबूल करते.

आता ज्यावर माझं मत हलत नाही ते सांगते. एवढ्या कोटींच्या तडजोडीत रे डेनिसनच्या बायकोच्या प्रश्नाला उत्तर नाही. खेळाडू कर्मचारी आहे की नाही, हे तिथे ठरवलेलंच नाही. तुमच्या मुलीचं उदाहरण घेते. तिच्या विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-वनवर, तिला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. ती लायब्ररीत पुस्तकं लावायला लागली तर तासाचा पगार मिळेल, आणि शिडीवरून पडली तर सहसा कामगार नुकसानभरपाई लागू होईल. तीच मुलगी कोचच्या हुकुमाने आठवड्याला २० तास चेंडू मारते आणि खांदा निकामी करून घेते, तेव्हा ती कामावर नसते. दोन्हीकडे तास वीसच. पुस्तकं लावणं काम आहे आणि विद्यापीठाचा लोगो छातीवर लावून खेळणं काम नाही, याचं समाधानकारक कारण मला एकवीस वर्षांत कुणी दिलं नाही, आणि मी ते देण्याचाच पगार घेत होते.

दारं ठोठावली जात आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये युनियन मागितली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय कामगार मंडळाने हात वर केले. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली आणि वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला, कारण मंडळाची रचना बदलणार हे दिसत होतं. जुलै २०२४ मध्ये मात्र फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की केवळ 'हौशी' म्हणवता म्हणून खेळाडू कर्मचारी नाहीत असं होत नाही, प्रत्यक्ष काय करून घेता ते तपासा. दुखापतीच्या बाबतीत एनसीएएने त्याच वर्षी ऑगस्टपासून खेळ संपल्यावर दोन वर्षांपर्यंतचा विमा सुरू केला. बरं झालं. पण गुडघा चाळिशीतही दुखतो.

माझं म्हणणं एवढंच की जिथे टीव्हीचा पैसा आहे तिथे सरळ नोकरीचा करार करा: पगार, तास, दुखापत, आणि सोडून जायच्या अटी. तसा करार नसल्यामुळे आता उलटा गोंधळ चालू आहे. जेडन रशाडा या शाळकरी क्वार्टरबॅकला, म्हणजे फुटबॉल संघातल्या चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, फ्लोरिडाच्या समर्थकांकडून १.३८५ कोटी डॉलरचा करार दाखवण्यात आला, तो फिसकटला, आणि २०२४ मध्ये पोरगा कोर्टात गेला. मुलं दरवर्षी संघ बदलतात आणि कोच निष्ठेवर भाषणं देतात. कोच स्वतः दर तीन वर्षांनी जास्त पैसे देणाऱ्याकडे जातात, ते सोडा. आणि जिथे पैसा नाहीच, म्हणजे एनसीएएच्या तीन विभागांपैकी सगळ्यात खालच्या, तिसऱ्या विभागातली शेकडो लहान कॉलेजं किंवा हार्वर्ड-येल वगैरे जुन्या विद्यापीठांची आयव्ही लीग, तिथे खेळाची स्कॉलरशिपसुद्धा देत नाहीत आणि मुलं आनंदाने खेळतात. ते जसं आहे तसं राहू द्या.

आता तुमच्या मुलीबद्दल. टेनिसला उत्पन्नातला वाटा मिळणं दुर्मीळ. शू कंपनीची किंवा गावातल्या भारतीय रेस्टॉरंटची जाहिरात चालून येईल, आणि तिथेच सांभाळायचं. एफ-वनवर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय कमाई करता येत नाही. इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन रील टाकणंही काम ठरू शकतं. परदेशी खेळाडूंनी यावर काढलेली वाट बघा: केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे हा काँगोचा मुलगा, संघ २०२२ मध्ये सामने खेळायला बहामाजला गेला तेव्हा त्याने आपल्या जाहिरातींची कामं अमेरिकेच्या जमिनीबाहेर तिथे उरकून घेतली. तुमच्या मुलीने असं काही करण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात लेखी विचारायचं. टीममधल्या मैत्रिणीला चालतं म्हणून हिला चालेल असं नाही. व्हिसा गेला तर टेनिसही गेलं आणि डिग्रीही.

स्कॉलरशिप 'फुल' आहे का, हे शब्दात न विचारता रकमेत विचारा: फी, राहणं, जेवण, पुस्तकं, आणि वरखर्च. पूर्वी पहिल्या विभागात महिला टेनिसला आठ स्कॉलरशिप असायच्या आणि त्यांचे तुकडे पाडून संघाला फायदा नव्हता. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत आता दहा जणींचा संघ आणि हवे तसे तुकडे. राहण्या-जेवण्याच्या भागावर १४ टक्के कर कापतात. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, तेव्हा रिटर्न भरलं की त्यातलं बरंचसं परत येऊ शकतं. ती आधी बक्षिसाच्या रकमेच्या स्पर्धा खेळली असेल तर प्रत्येक पावती, प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट जपून ठेवा; बक्षिसातलं किती खेळाच्या खर्चात गेलं ते दाखवावं लागू शकतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर हिला २०२१ च्या यूएस ओपनमधल्या जवळपास ४९ हजार डॉलरच्या बक्षिसातल्या बहुतेक रकमेवर पाणी सोडावं लागलं होतं, आणि २०२४ मध्ये ती त्यासाठी कोर्टात गेली.

दुखापत झाली तर स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू राहील का आणि उपचाराचा खर्च किती काळ कोण देईल, हे कोचला फोनवर विचारू नका, ई-मेलवर विचारा.

आणि एक. तासांचा कागद आता कागद राहिलेला नाही, मोबाइलवर येतो, मंजूर करायला एक बोट पुरतं. मुली वर्गात जाता जाता न वाचता दाबून टाकतात. तिला म्हणावं, शनिवारची ओळ वाच, आणि खरे तास वहीत वेगळे लिहून ठेव.